शेत किती लांब

अपंगांना सहलीला नेणाऱ्या संस्थेत मी दुसरी नोकरी मिळेपर्यंतच राहणार होतो. ती पुढे मी शोधलीच नाही, त्याला कारण एक बाई.

जिंतूरजवळच्या एका गावातून आम्ही तिला गाडीत घेतलं. वय पन्नाशीचं, पाय लहानपणापासून लुळे. सोबत थोरला भाऊ. चारठाण्याची देवळं बघायला निघालो होतो. गाव सुटून पाच मिनिटं झाली नसतील, तोच भावाने खिडकीतून बोट दाखवलं, "ह्ये आपलं शेत."

बाई म्हणाली, "गाडी थांबवा."

तिला उचलून बांधावर बसवलं. समोर तूर उभी होती. याच शेतातली तूर ती घरात बसून वर्षानुवर्षं निवडत आली होती, आणि शेत आज पहिल्यांदा बघत होती. माझं डोकंच फिरलं. भावाला विचारलं, "घरी बैलगाडी नव्हती का?"

"होती की," तो म्हणाला. "पण ही कधी म्हणलीच न्हाई."

बाईने मातीचं ढेकूळ उचललं आणि गावाकडे वळून पाहिलं. गावातल्या देवळाचा कळस इथूनही दिसत होता.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "शेत लय लांब हाय."