कण्हेरीचा काढा आणि मावशीची नाडी

मुर्ध्याच्या मिठागरावर नवऱ्यामागून आले तेव्हा शाळा चौथीतच सुटलेली, आणि साताऱ्याकडचं माहेर कुठल्या कुठे. शेजारची आगरी मावशी नात्याची नव्हे. पण माझं पहिलं बाळंतपण तिनंच काढलं.

मिठागरात उभं राहून पायांना भेगा पडायच्या. त्यांवर ओतायला आम्ही कण्हेरीची पानं उकळायचो. त्या सकाळी मावशीला सर्दी, म्हणून शेजारच्या चुलीवर आल्याचा काढाही ठेवला. मडकी सारखीच. घाईत मी वाडगा भरून दिला.

"कडू हाय गो!"

"औषध कडूच असतं," वर माझं शहाणपण.

तासाभरात ओकाऱ्या, घेरी. तिच्या मुलानं भाईंदरहून डॉक्टरांना बैलगाडीतून आणलं. त्यांनी मनगट धरलं ते सोडेनात.

"नाडी पस्तीस. लहानपणी घटसर्प? सांधे सुजून ताप? हृदयाच्या औषधाचे थेंब घेतात?"

"न्हाय," मुलगा प्रत्येक वेळी म्हणाला.

"ठोक्याचा इशारा हृदयात वरून खाली विजेसारखा जातो. तो मध्येच अडतोय. या आजारांनी अडतो, थेंब जास्त झाले तरी अडतो, वयानंही. इथं कशानं?"

मी मडक्यांकडे पाहिलं. आल्याचा काढा काठोकाठ भरलेला! म्हणजे वाडगा दुसऱ्याच मडक्यातून भरला होता. बोलले तर घरातून काढतील, पोलीसही येतील. न बोलले तर मावशी जाईल.

"कण्हेर," मी म्हणाले. "मीच पाजली."

मुलगा माझ्यावर धावून आला. डॉक्टर ओरडले, "खाली बस! तिनं सांगितलं म्हणून वाट सापडली. कण्हेरही तसंच करते."

त्यांनी पोट धुतलं, इंजेक्शन दिलं, आणि खिशातलं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "मोजता येतं ना?"

येत होतं! चौथीपर्यंत तेवढंच तर नीट शिकले होते. दिवसभर मनगट धरून बसले. अडतीस. चाळीस. मध्येच एक ठोका चुकला की माझाच श्वास थांबे. दिवस कलला तेव्हा सदुसष्ट, तिसऱ्या सकाळी बहात्तर! मी आकडा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बांधावरची माणसं धावत आली.

मावशीनं डोळे उघडले. "बोंबलतेस कशाला गो? च्या ठेव."

"मी ठेवू?" मी विचारलं.

"मंग कोन? पन पयला घोट तू घे."

घेतला. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, खुदकन हसली, आणि उरलेला सगळा कप एका दमात प्यायली.