नसबंदी माझी, मंजुरी बायकोच्या नावाची

भिलाईच्या प्लांटमध्ये मी क्रेन चालवतो. वितळलेल्या पोलादाची घराएवढी बादली अशी हळुवार नेतो की शेडबाहेर चहा पिणाऱ्याच्या कपातली सायसुद्धा हलत नाही. असा माणूस एवढ्याशा चिऱ्याला भिईल का? भ्यालो. पण ते नंतर. आधी आडवं कोण आलं ते सांगतो.

आम्हाला दोन पोरी, दोन्ही सिझरच्या. दुसरीच्या वेळी टेबलावर बायकोचं बीपी असं चढलं की मशीनचा आकडा भिंत फोडून दुर्ग स्टेशनापर्यंत गेला असेल. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "हिच्या पोटाला पुन्हा चाकू नको, बेहोशी तर नकोच नको. नसबंदी तुमची करा. अर्ध्या तासाचं काम." मी तिथल्या तिथं हो म्हणालो.

घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातून परात सुटली. अख्ख्या खुर्सीपार वस्तीला वाटलं, फर्नेस फुटली.

"कावून रे, येडा झाला का? आपल्या घरी माणसाले कधी चाकू लागला नाही! मी नाही केलं का? गावच्या कॅम्पात केलं अन् आठव्या दिवशी धानाच्या रोवण्याले गेली होती. तुले कमजोरी येईन. क्रेनवर चढशीन कसा?"

"आई, चढाले पाय लागते."

"तोंड आवर. सूनबाईचंच करा."

बायको पोळी लाटत राहिली, पण ती पोळी इतकी पातळ झाली की पलीकडचा गॅस दिसायला लागला. भीती वाटली की तिची पोळी पातळ होते, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

आमच्या ठेकेदाराने सगळ्यांचा आरोग्य विमा काढलेला. मी फॉर्म भरला, पेशंट म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. आठवड्याने मंजुरी आली. बायकोच्या नावाने. सोमवारची तारीखही टाकलेली. मी ड्युटीवर होतो तेवढ्यात आईने तो कागद देवापुढे ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. आता तो कागद राहिला नाही, देवाची आज्ञा झाली. तो बदलला नाही तर सोमवारी आई सुनेला टेबलावर निजवणार, हे पक्कं होतं.

मी तोच कुंकवाचा कागद घेऊन वैशाली नगरातल्या दवाखान्यात गेलो. विम्याच्या काउंटरवर एक मॅडम होती.

"मॅडम, पेशंट मैं हूँ."

"हाँ भैया, फॉर्म में गलती से आपका नाम आ गया था. मैंने सुधार दिया," ती उपकार केल्यासारखी हसली.

"गलती नहीं है. नसबंदी मेरी है."

तिने पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाली, "जेन्ट्स का पॉलिसी में नहीं होता. सरकारी में चले जाओ, वहाँ फ्री है."

सरकारीत फुकट होते हे मलाही माहीत होतं. पण बायकोचं पोट कापायला विमा एका पायावर तयार, आणि माझ्या बारीकशा चिऱ्याला पॉलिसीत जागा नाही? क्रेनच्या केबिनमध्ये बसून मी विम्याची पुस्तिका पाठ केली होती. छापणाऱ्यानेही इतकी वाचली नसेल. मी पान उघडलं आणि भरल्या रांगेत मोठ्याने वाचलं, "विमाधारक अथवा जोडीदार, दोघांपैकी कोणाचीही कायमची नसबंदी!" केबिनमधून खाली ओरडायची सवय असलेला गळा माझा. शेवटचे दोन शब्द मोहन नगरपर्यंत गेले असतील.

"धीरे बोलिए, लेडीज बैठी हैं," मॅडम म्हणाली.

"उन्हीं के काम का है," मी म्हणालो.

रांगेतली एक म्हातारी छत्तीसगढीत म्हणाली, "करन दे न नोनी, कोनो मरद तो आगू आइस." करू दे ग पोरी, कोणी मर्द पुढे तर आला! रांग हसली. मॅनेजर आला, कल आओ म्हणाला. मी खुर्चीत बसलो. आठ आठ तास केबिनमधून न उतरणारा माणूस मी, मला खुर्चीतून कोण उठवणार? काउंटर बंद व्हायच्या आत नव्या कागदावर माझं नाव आलं.

आणि सोमवारी मी भ्यालो. सुई दिसताच मला पाळण्यात असल्यापासूनचे सगळे देव आठवले. सुई टोचली आणि देवांची यादी संपायच्या आत कामही संपलं.

आईला ऑपरेशननंतरची एकच रीत ठाऊक, बाळंतिणीची. तिने माझ्या कानाला फडकं बांधलं, डिंकाचे लाडू समोर ठेवले.

"आई, मी बाळंत नाही झालो."

"चूप. खाय."

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांनी तपासणी, रिपोर्ट शून्य येईपर्यंत सांभाळा. प्लांटमध्ये बंद केलेल्या मशीनवर लाल टॅग लावतात, 'चालू करू नये'. ज्याने लावला त्यानेच काढायचा. बायकोने माझ्या जुन्या डब्यातला तसा एक टॅग शोधला आणि खाटेला बांधला.

पंधरा दिवसांत आईचा जीव वरखाली. "काढ न वो तो लाल टॅग. पोरगं चांगलं फिरून राहिलं. लोक का म्हणतीन?"

"रिपोर्ट आल्यावर मीच काढीन, आई," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "नियम आहे."

लग्नानंतर तिने आईला पहिल्यांदा नाही म्हटलं. पोळी चांगली जाड होती.