खुर्चीखालचा साप

न्यार-साक्वा कुणावर विश्वास ठेवत नसे. नवऱ्यावरही तिनं कधी ठेवला नाही, आणि तो बिचारा मरेपर्यंत खरंच बोलत राहिला. तिचं खरं नाव अकेयो. पण साक्वाहून लग्न होऊन आलेली, म्हणून साऱ्या कोगोल गावाला ती न्यार-साक्वा, साक्वाची लेक. मडकी घडवायची. भाजलेलं प्रत्येक मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बघायची, आणि माणसांनाही तसंच वाजवून बघायची तिला खोड होती.

एकदा मुखिया ओगुतुनं दवंडी पिटवली. गोऱ्या साहेबांची शिक्षण समिती येतेय, शाळेत काय शिकवावं ते लोकांना विचारणार आहे.

"विचारणार?" न्यार-साक्वा म्हणाली. "झोपडीवर कर बसवला तेव्हा विचारलं होतं? रस्त्यावर फुकट राबायला नेलं तेव्हा? कोंबडीला कुणी विचारतं का, बाई, तुला कुठल्या रश्श्यात टाकू?"

बाया हसल्या. तिला हसू आलं नाही. तिची नात अमोंडी पुढच्या वर्षी इंग्रजीच्या वर्गात बसायची होती. पोरीचे आईबाप तापात गेलेले. कराच्या कागदावर काय लिहिलंय, कचेरीत आपल्याबद्दल काय बोलतात, ते सांगणारं आपलं माणूस घरात हवं, एवढ्याचसाठी आजीनं तिला शाळेत घातलं होतं.

सभा उंबराखाली भरली. साहेब खुर्चीवर, शेजारी मिशनचे बूट घातलेला दुभाष्या हेझ्रॉन. साहेब बोलला आणि हेझ्रॉननं सांगितलं, "खेड्यातल्या पोरांना खेड्याला साजेसं शिक्षण द्यायचं म्हणतात. अर्धा दिवस कुदळ. इंग्रजी कशाला, म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

न्यार-साक्वा उठली. "कुदळ आमची पोरं घरीच शिकतात. त्यासाठी शाळा कशाला? साहेबाला विचार, त्याचा मुलगा शाळेत कुदळ धरतो का? धरत नसेल, तर आमच्याच पोरांचा एवढा पुळका का?"

हेझ्रॉन चार शब्द बोलला. साहेब गोड हसला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या तिखट प्रश्नावर माणूस हसतो कसा? तिनं आवाज मऊ केला, आणि आशीर्वाद द्यावा तशी म्हणाली, "बाळा हेझ्रॉन, साहेबाला सांग, तुझ्या खुर्चीखाली साप आहे."

पुढचे म्हातारे टुणकन उठून मागं सरले. हेझ्रॉननं दचकून खाली पाहिलं. साप नव्हता. त्यानं दातओठ खाल्ले आणि साहेबाला काहीतरी सांगितलं. साहेबाला वाटलं, माणसं आपल्या मानाला उठली. त्यानं टोपी काढली आणि खुर्चीत आणखी रेलून बसला.

"दिसलं?" न्यार-साक्वा गावाला म्हणाली. "आता बोला त्याच्याशी."

संध्याकाळी हेझ्रॉन तिच्या अंगणात आला. "आई, मलाही पोरंबाळं आहेत. तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

"मग काय सांगितलंस?"

"म्हातारी आभार मानतेय, म्हटलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

त्यानं साहेबाकडून काय घेतलं असेल, याची चर्चा ती पुढं कित्येक महिने करत राहिली. त्यानं काही घेतलं नव्हतं, नुसता भ्याला होता. तिला ते कधीच पटलं नाही.

हुकूम आला, लोकांच्याच इच्छेनुसार इंग्रजीचा वर्ग बंद. शाळेत कुदळी आल्या. पण रेलून बसलेला साहेब साऱ्या गावानं पाहिला होता. गावानं जवळच्या सरोवराकाठी आपलीच शाळा बांधली आणि मिशननं काढून टाकलेला एक मास्तर आणला. भिंतींचा चिखल न्यार-साक्वानं तुडवला. शाळा सुरू झाल्यावर ती रोज दारातच बसायची, न जाणो, इंग्रजी म्हणून मास्तर भलतंच शिकवायचा.

काही वर्षांनी दुसरी समिती आली, दुसरा साहेब. परवानगीशिवाय शाळा काढलीत कशी, म्हणाला. या खेपेला न्यार-साक्वानं हेझ्रॉनला बाजूला बसवलं आणि अमोंडीला पुढं केलं. तोच प्रश्न विचारला, साहेबाचा मुलगा शाळेत कुदळ धरतो का? अमोंडीनं तो इंग्रजीत सांगितला, आणि साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मग तो बोलतच राहिला. टेकड्या दाखवल्या, शेतं दाखवली, मधेच घाम पुसला.

"काय म्हणाला?"

"नाही धरत, म्हणाला."

न्यार-साक्वानं नातीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "एवढा वेळ बोलला, आणि तू एवढंच सांगतेस? तुलाही फितवलं वाटतं."

"आजी, त्यात एवढंच होतं. बाकी सगळं गुंडाळायला."

म्हातारीनं साहेबाच्या खुर्चीकडे पाहिलं. मग आवाज मऊ करून म्हणाली, "सांग त्याला, खुर्चीखाली साप आहे."

अमोंडीनं सांगितलं. साहेब किंचाळून उठला, खुर्ची उलटली, टोपी मातीत गेली.

"बरं," न्यार-साक्वा म्हणाली. "म्हणजे नाही धरत."