शिवणीखालचा पूल

परतूरला आमच्या घरच्या पुढच्या खोलीत रविवारी दुपारी चार जण जमायचे अन् जंगलात जायचे. मी त्यांच्याबरोबर जायचो ते फक्त हातापुरता. माझे दोन्ही तळवे पुस्तकावर दाबून धरलेले असायचे, कारण ते पुस्तक आपलं आपण उघडं राहत नव्हतं. राहत नव्हतं ते माझ्यामुळं. पण हे तोंडातून निघायला बरेच रविवार जावे लागले.

पुस्तक माझ्या नातीचं. आमच्या घरातली ती पहिली इंजिनिअर. शिकून आल्ती अन् नोकरीच्या कागदाची वाट पाहत घरी बसली होती. मोबाईलवरून तिनं एक जाडजूड पुस्तक मागवलं. खेळाचं पुस्तक, म्हणाली. मला वाटलं, खेळाला पुस्तक कशाला लागतं. मंग तिनं समजावून सांगितलं. या खेळाला पट न्हाई, सोंगट्या न्हाईत. एकानं पुस्तकात पाहून सांगायचं, तुम्ही अशा अशा जंगलात आहात, पुढं असं असं आहे, आता काय करता. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं अन् नुसत्या बोलण्यानं पुढं चालायचं. अडलं की फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. फासाबी आपल्यासारखा न्हाई, वीस तोंडांचा, लांबून बोरासारखा गोल दिसणारा. सांगायचं काम तिचं. आष्टीचे एक मास्तर मोटरसायकलवर यायचे, ते झाले चोर. गल्लीतली एक नर्सबाई यायची, ती झाली शिकारीण. मेडिकल दुकानवाला पोरगा दारातूनच "जय भीम आबा" म्हणत यायचा, तो झाला वैद्य.

पुस्तक सगळं इंग्रजी. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेबी मराठीत. पण पुस्तक वाचायला न्हाई आलं तरी मला पुस्तक कळतं. उभा जन्म मी बाइंडिंग केलं. कचेरीतली दप्तरं, शाळेची हजेरीपुस्तकं, कोणाच्या घरची जीर्ण झालेली पोथी. एक म्हातारा कारकून म्हणायचा, याचं दप्तर दोन बैलांनी ओढलं तरी सुटायचं न्हाई. ते मी अजून विसरलो न्हाई, अन् कोणाला विसरूबी देत न्हाई.

तर खेळात पुस्तक दुपारभर टेबलावर उताणं पडलेलं असायचं, बहुतेक एकाच पानावर. दुसऱ्याच रविवारी त्याची पाठ मोडली. काड्या निघालेल्या पत्रावळीसारखी पानं सुटली.

नात रडवेली झाली. "आबा, परत पाठवते मी हे."

"पाठवून काय, तसलंच दुसरं येईल. दे इकडं."

मी पाठीवरून अंगठा फिरवला. आत शिवण न्हाईच. पान अन् पान सुटं कापलेलं, पाठीला गरम गोंद फासलेला, अन् वरून कव्हर असं देखणं की लग्नातल्या नवरदेवानं हातात धरावं. कागद गुळगुळीत. असला कागद गोंद पीत न्हाई, नुसता अंगावर घेतो. नख लावलं तर शेंगेच्या टरफलासारखा गोंद निघून हातात आला. एवढे रंग, एवढी चित्रं, अन् दोऱ्याची एक वीत न्हाई. मला राग आल्ता, अन् खरं सांगायचं तर बरंबी वाटलं होतं. बऱ्याच वर्षांनी कोणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं.

माझे उस्ताद दोन शिवणी शिकवून गेले. पानांच्या घड्या करायच्या अन् घडीच्या पोटातून दोरा न्यायचा, ती एक. तिला ते जुजबंदी म्हणायचे. दुसरी आडवी, सुट्या पानांची. पानांची चवड करायची, कडेपासून बोटभर आत दाभणानं आरपार भोकं पाडायची, अन् मेणाचा दोरा घालून आवळायचं. ही लोखंडासारखी. पण उस्ताद म्हणायचे, "पहले कागज से पूछ, तुला किती उघडायचंय." मी विचारलं न्हाई. आडवी शिवण घातली अन् असं आवळलं की बोटांना वळ उठले.

म्हातारी दारातून पाहत होती. म्हणाली, "पुस्तक बांधून राह्यले का चोर?"

पुस्तक काही सुटलं न्हाई. पण उघडलंबी न्हाई. नातीनं पान उघडून हात काढला की ते मिटायचं.

"आबा, हे मिटतंय."

"नवं हाय. वापरात मोकळं होईल."

तिनं वर मोबाईल ठेवला, तो घसरला. डाळीचा डबा ठेवला, तर डब्याखाली अक्षर दिसंना. मंग मीच खुर्ची ओढली अन् म्हणलं, "तू सांग, मी धरतो."

असा मी त्या जंगलात गेलो. बाहेर ऊन, आत कूलरची एकसुरी घरघर, वाळ्याचा ओला वास. ती इंग्रजी वाचायची अन् मराठीत सांगायची, हळू, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. सागाची पानं मोठी होत जायची. वाट पिवळी व्हायची, मंग निळी. कुठंतरी एक पक्षी तीनदा ओरडायचा अन् चौथ्यांदा थांबायचा, अन् त्या थांबण्यात मला डुलकी लागायची. डोळे मिटले तरी हात दाबलेलेच. हाताखालून रान सरकून राह्यलं, असं वाटायचं.

मंग नदी आली. दोन पानं मिळून एक नकाशा होता, अन् नदी बरोबर मधून, पानांच्या सांध्यातून वाहत होती. मला ती आमची दुधनाच वाटली, धरणाआधीची. लहानपणी काठावर बसून मी पलीकडच्या म्हशी मोजायचो अन् मला वाटायचं, त्या तीरावर दुपार वेगळी असंल. नात म्हणाली, नदीपलीकडं एक गाव आहे, दिवसासुद्धा तिथं दिवे जळतात, अन् ते का जळतात हीच तर गोष्ट आहे.

"मंग जाऊ की," मास्तर म्हणाले.

ती नकाशात वाकली. "लिहिलंय की जुना पूल नकाशात दाखवलाय. इथं तर काहीच नाही. आबा, जरा दाबा बरं."

मी दाबलं. शिवण तसूभर हलली न्हाई. मला मनातून अभिमान वाटला.

तिनं इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. शेवटी खेळ अडू नये म्हणून सांगून टाकलं, पूर आला होता, पूल वाहून गेला.

तीन रविवार ते चौघं काठावरच राह्यले. तराफा बांधला, फासा वाईट पडला, तराफा बुडाला. नर्सबाई पोहत निघाली, अर्ध्यातून परत आली. मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. काठ चांगला होता, अन् मला खुर्ची होती.

मंग नातीला नोकरीचा कागद आला. पुणे. पुढल्या सोमवारी हजर व्हायचं, म्हणजे मधी एकच रविवार राह्यला.

"नदी ओलांडल्याशिवाय मी जायची नाही," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, "पुण्याला पूल भरपूर आहेत. तिकडून वळसा घालून ये."

सगळे हसले. तीबी हसली. पण पुस्तक उचलताना ते पुन्हा फटकन मिटलं, तेव्हा ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तिकडं तुमचे हात कुठून आणू, आबा."

ते मला लागलं. ती चिडून म्हणाली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. मी माझी शिवण आजपर्यंत कधी उसवली न्हाई. दुसऱ्यांच्या उसवल्या, अन् उसवताना नावं ठेवली. शिवाय पुस्तक आपलं आपण उघडं राह्यलं, तर त्या खोलीत माझं काय काम. दोन दिवस मी पुस्तकाकडं पाह्यलं न्हाई. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसलो अन् दोरा कापला.

आवळलेला दोरा सुटताना आवाज करतो. पानं एकेक करून मोकळी झाली. नकाशाची दोन पानं मी शेजारीशेजारी ठेवली अन् बोटभर कड जी आजवर शिवणीत गेल्ती, ती उजेडात आली.

पूल तिथंच होता.

माझ्या करंगळीएवढा, लाकडी, अर्धा या पानावर अन् अर्धा त्या पानावर. एका टोकाला इवलासा कंदील. खाली पाणी, पाण्यात पुलाची सावलीसुद्धा काढलेली. अन् पुलाच्या बरोबर मधोमध माझ्या दाभणाचं भोक. तीन रविवार मी ज्याच्यावर हात दाबून बसलो होतो, ते हेच.

म्हातारी चहा घेऊन आली. "असं काय बसले? भूत पाह्यलं का?"

"पूल पाह्यला."

"कुठला?"

"वाहून गेलेला."

तिनं माझ्याकडं नीट पाह्यलं अन् चहा खाली ठेवला. मला कळत होतं, मी न बोललो तर कोणालाच कळायचं न्हाई. नातीला वाटेल, आपल्याच नजरेतून सुटलं. तशी ती लगेच स्वतःवर घेणारी पोर आहे.

शनिवारपर्यंत बसलो. म्हातारीनं मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकलं. दोन-दोन पानं पातळ कागदाच्या पट्टीनं जोडली, त्यांच्या घड्या केल्या, अन् उस्तादांची जुजबंदी घातली, घडीच्या पोटातून. नकाशा घडीच्या बरोबर मधी येईल असं पाह्यलं, म्हणजे नदी सपाट पडली पाहिजे. दाभणाची जुनी भोकं कागदाचा लगदा करून एकेक बुजवत गेलो. पुलावरच्या भोकापाशी आलो अन् हात थांबला. ते तेवढं तसंच ठेवलं.

रविवारी सगळे आले. मी पुस्तक टेबलावर ठेवलं, नकाशा उघडला अन् दोन्ही हात मांडीवर घेतले. पुस्तक उताणं पडून राह्यलं, उन्हात झोपलेल्या कुत्र्यासारखं निवांत.

"पूल वाहून गेला नव्हता," मी म्हणलं. "माझ्या शिवणीत गेल्ता."



मंग मास्तर म्हणाले, "म्हणजे तीन रविवार आम्ही आबांपायी बुडालो."

"मी तर पोहत गेले होते," नर्सबाई म्हणाली.

नातीनं पुलावर बोट ठेवलं, बोटाला भोक लागलं. तिनं एकदा माझ्याकडं पाह्यलं. मंग तिचा तो जंगलातला आवाज लागला, हळू, पाण्यातला. "पाणी ओसरलंय. जुना पूल वर आलाय. पलीकडच्या टोकाला कंदील दिसतोय. पण मधोमध एक फळी नाही, खाली खोल पाणी आहे. कसे जाता?"

नर्सबाई उडी मारून गेली. वैद्य दोर धरून गेला. मास्तर चोर, ते शेवटी निघाले. फासा टाकला, अन् दोन पडले.

"पाय भोकात गेला," नात म्हणाली. "लटकताय तुम्ही."

मास्तरांनी माझ्याकडं हात पुढं केला. "आबा, भोक तुमचं. ओढा आता वर."

नातीनं फासा माझ्यासमोर ठेवला. मी म्हणलं, मला हा खेळ येत न्हाई. ती म्हणाली, "आकडे येतात ना?"

आकडे मला येतात. मी फासा टाकला. तो टेबलावरून गडगडत गेला, पुस्तकावर चढला, सागाच्या झाडांतून, काठावरून उतरत दोन पानांच्या मधल्या घडीत आला अन् पुलापाशी थांबला. अठरा.

मास्तर वर आले. पुस्तक हललंबी न्हाई.