काकूंची लिफ्ट

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या पर्समध्ये सहा इंची स्टीलची पट्टी असायची. शारजाच्या रोल्ला भागातल्या हॉटेलात डोसा यायला उशीर झाला की त्या पट्टी काढून टेबलाच्या फळीची जाडी मोजायच्या आणि मला हळूच सांगायच्या, "अठरा एमएम म्हणून विकतात, सोळाच भरतेय." आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या वयाच्या बायका योगाला जात, भिशी लावत. काकू सुतारकाम करायच्या.

गणपतीसाठी मनासारखा चौरंग मिळेना, तिथून हे सुरू झालं. दापोलीकडच्या रफीकभाईंचा इंडस्ट्रियल एरियात फर्निचरचा गाळा होता. त्यांनी शनिवार-रविवारसाठी एक कोपरा काकूंना दिला. माझी बायको आणि मुलगी शाळेसाठी पुण्याला गेल्यापासून माझे सुट्टीचे दिवस रिकामेच जायचे, म्हणून काकूंना गाळ्यावर सोडायचं काम मी अंगावर घेतलं. आधी सोडून परत यायचो. मग तिथेच थांबायला लागलो.

राउटर म्हटलं की तोवर मला वायफायच आठवायचा. काकूंचा राउटर म्हणजे लाकडाला खाच पाडणारी, कडा गोल करणारी मोटर. ती टेबलाखाली उलटी बसवलेली असते आणि तिचं फिरणारं पातं, म्हणजे बिट, तेवढं टेबलाच्या भोकातून वर डोकावतं. त्या बिटाजवळ हात न्यायच्या आधी काकू प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायच्या. रफीकभाई म्हणायचे, "ताई, स्विच बंद आहे ना, मग खलास." काकू म्हणायच्या, "स्विच बंद आहे हे तुम्ही सांगताय. प्लग मला दिसतोय."

गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण पकड पहिल्यासारखी आली नाही. आणि राउटरची उंची बदलायची तर टेबलाखाली बसून ती जड मोटर एका हाताने तोलून धरावी लागे. एका शनिवारी ती त्यांच्या हातातून निसटली आणि पायापासून वीतभर अंतरावर पडली. काकूंनी ती दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली. मग म्हणाल्या, "यांना सांगू नकोस."

मी सांगणार नव्हतो. पण दोन दिवसांनी काकांनी कॉरिडॉरमध्ये मला थांबवून सरळ विचारलं, "तिला झेपतंय का रे ते?" काका स्ट्रक्चरल इंजिनिअर, मोजकं बोलणारे. त्यांच्याकडे बघून मला खोटं बोलता आलं नाही. त्या संध्याकाळी समोरच्या दारामागून दोघांचे चढलेले आवाज ऐकू आले. आता बंद कर, असं काकांचं म्हणणं होतं. काकूंचं म्हणणं मला ऐकू आलं नाही, पण पुढचे दोन आठवडे त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या तरी मजल्याच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहायच्या.

मग एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात काकू, खांद्याला पर्स. म्हणाल्या, "मला लिफ्ट हवीय." मी लगेच गाडीची किल्ली उचलली. "गाडीची नाही रे. राउटरची." आणि जिना उतरता उतरता म्हणाल्या, "सांगितलंस ते बरंच झालं. पण मला विचारून सांगायचं होतंस." विषय तिथे संपला.

ही लिफ्ट म्हणजे टेबलात बसवायची लोखंडी चौकट. मोटर तिच्यात अडकवायची आणि वरून हँडल फिरवायचं, की बिट वर-खाली होतं. खाली वाकायला नको, वजन पेलायला नको. दुकानातला सेल्समन मल्याळी होता. त्याने सगळ्यात चकचकीत लिफ्ट पुढे केली. काकूंनी बिटाला जेमतेम टेकेल अशी एक लाकडी पट्टी आडवी धरली आणि त्याला उंची पक्की करणारं लॉक आवळायला सांगितलं. लॉक आवळताच बिट केसभर खाली गेलं आणि पट्टीखालून उजेड दिसायला लागला. काकू म्हणाल्या, "कुलूप लावल्यावर दार हलतंय." मी हिंदीत समजावलं. तो आधी वैतागला, मग स्वतःच दुसरी काढायला आत गेला.

दुसरी त्यांना पसंत पडली. पण घ्यायच्या दिवशी काका बरोबर आले, बहुधा मोडता घालायलाच. त्यांनी मोटर अडकवून दाखवायला लावली, काकूंची स्टीलची पट्टी मागून घेतली, ती चौकटीच्या वरच्या प्लेटवर उभ्या कडेने ठेवली आणि डोळा लावून बघितलं. "मधे झोळ येतोय. वजन सोसत नाही ही." काकू त्यांच्यावर चिडल्या. मग स्वतः वाकून बघितलं आणि ती परत ठेवायला सांगितली.

तिसरीचं लॉक पक्कं होतं, प्लेट सपाट होती. फक्त काकूंची मोटर तिच्या मोटर धरायच्या कड्यात मावत नव्हती. देशात परतणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडून घेतलेली ती जाडजूड मोटर. सगळं काम त्या तिच्यावरच शिकल्या होत्या. काकू स्टुलावर बसल्या आणि प्लॅस्टरमधून सुटलेलं मनगट चोळत राहिल्या. मला वाटलं, आता काका म्हणतील, जाऊ दे, घरी चल.

काका म्हणाले, "मोटर बदल. हात बदलता येत नाही."

काकूंनी मान वर केली आणि सेल्समनला म्हणाल्या, "यही वाला."

पुढच्या शनिवारपासून काका गाळ्यावर यायला लागले. काकू आकडा सांगायच्या, "पाव मिलिमीटर वर," आणि काका हँडल फिरवायचे. जास्त फिरलं की काकू नुसत्या बघायच्या. त्या वर्षी बिल्डिंगच्या गणपतीचा चौरंग दोघांनी मिळून केला. माझ्या मुलीसाठी पाट केला, त्याची कड बोटाने चाचपली तरी कुठे लागत नाही.

यंदा काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं सांगलीला परतली. टेबल नेण्यासारखं नव्हतं. काकूंनी मोटरसकट लिफ्ट तेवढी सोडवली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि कपडे कमी करून बॅगेत भरली. टेबल काय, कुठेही होईल, असं त्यांचं म्हणणं. रफीकभाईंनी चौकटीच्या जागेवर प्लायचा तुकडा टाकलाय. त्यावर आता चहाचे कप असतात.

मागच्या रविवारी काकूंचा फोन आला. सांगलीत टेबल उभं राहिलंय, मोटर चालतेय. थंडीत मनगट दुखतं, त्यामुळे हँडल आता पूर्णपणे काकांकडे. मी विचारलं, काका नीट फिरवतात का?

"मी आकडा सांगायच्या आधी थांबतात," काकू म्हणाल्या. "बरोबर तिथेच."

तेवढ्यात मागून काकांनी काहीतरी विचारलं, मोटर सुरू झाली आणि काकू फोन ठेवायला विसरल्या. मोटर थांबेपर्यंत मी फोन कानालाच लावून ठेवला.