घाम आला का, गुरुजी?

शाळेत हजर व्हायला गेलो त्या दिवशी मला पहिला प्रश्न हेडगुरुजींनी नाही, शिपायाने विचारला. घंटेखाली एक बुटका, जाड मानेचा, पैलवानासारखे कान मोडलेला माणूस खाकी सदऱ्याच्या बाह्या दुमडून बैठका काढत होता. हेडगुरुजींची खोली कुठे आहे, असं मी विचारलं. त्याने हातानेच 'थांबा' म्हणून खुणावलं, राहिलेल्या बैठका पुऱ्या केल्या, टॉवेलने तोंड पुसलं आणि मला नखशिखान्त न्याहाळत विचारलं, "नवं गुरुजी का तुमी? आज घाम काढलाय का?"

मला वाटलं, कुस्त्यांत डोक्याला मार बसला असणार. मी पुढे निघालो. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि या गृहस्थाने घंटेवर असा टोल हाणला की माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

ते इराण्णा. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण आजही कुठे घंटा वाजली की माझे गुडघे आपोआप जरा वाकतात.

इराण्णा मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. घरात कानडी, शाळेत मराठी, शेजारच्या टांगेवाल्याशी दखनी, आणि विणकरांच्या पोरांशी मोडकंतोडकं तेलुगू. आमची सोलापुरातली शाळा होतीच मागांच्या मधोमध. दिवसभर खटखट चालायची आणि तिच्यावर आवाज चढवून आम्ही पाढे म्हणून घ्यायचो. या खटखटाटात कुणीही कसलंही दुखणं सांगितलं तरी इराण्णांचं औषध एकच. चित्रकलेच्या गुरुजींचं बायकोशी भांडण झालं, "घाम काढा." पहिलीतलं पोर आईसाठी रडायला लागलं, त्याचा हात धरून लिंबाच्या झाडाला तीन फेऱ्या, धावत. पोर रडायचं विसरायचं. औषध दरवेळी लागू पडायचं असं नाही. थंडीताप आलेल्या एका गुरुजींना त्यांनी ग्राउंडला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. ते गुरुजी आठवडाभर अंथरुणातून उठले नाहीत. "त्यांनी शेवटची फेरी चालत मारली," हे इराण्णांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

माझं दुखणं निराळं होतं. मी मोहोळजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात नोकरीला लागलेला मी पहिलाच. वडील मोहोळच्या बाजारात भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "आमचा दत्तू गुरुजी झालाय." आणि इकडे दत्तू गुरुजींची अवस्था अशी की वर्गाच्या दाराशी आलं की छातीत धडधड, तोंड कोरडं, तळहात ओले. पन्नास पोरं टकाटका बघतायत, एवढ्यानेच माझा आवाज बसायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय घोड्यासारखं आहे. मनाला लावून घेऊ नका." लावून न घ्यायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही.

पहिल्या तपासणीला तर मी कहर केला. साहेब वर्गात आले, पाठ घ्या म्हणाले. मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो आणि परत तोंड फिरवताच येईना. खडू बोटांतच मोडला. "पाणी पिऊन येतो," एवढं पुटपुटलो आणि बाहेर पडलो, तो शाळा सुटेपर्यंत परतलोच नाही.

दुसऱ्या दिवशी हेडगुरुजींनी बोलावलं. करड्या शिस्तीचे, इस्त्रीच्या धोतरातले, हसताना कुणी न पाहिलेले गृहस्थ. म्हणाले, "माने, साहेब महिन्याने परत येणार आहेत. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते तुमचा पाठ बघून ठरवणार. या वेळी पाणी पिऊनच या."

त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. तारखेची जागा कोरी ठेवली आणि कागद सदऱ्याच्या खिशात घालून फिरायला लागलो. वडिलांना काय सांगायचं, ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं.

पाण्याच्या टाकीमागे मी तोंडावर पाणी मारत होतो तेव्हा इराण्णांनी मला गाठलं. माझा हात हातात घेतला.

"गार हाय," ते म्हणाले. "ह्यो भ्याचा घाम, गुरुजी. गार असतोय. आन हे बगा." त्यांनी माझा हात आपल्या मानेवर ठेवला. नुकत्याच बैठका झाल्या होत्या, मान तापलेली होती. "ह्यो अंगाचा घाम. गरम. ह्यो आला की त्यो ऱ्हात न्हाय."

मग खिशाकडे बोट करून, "त्या कागदात काय हाय? आठ दिस बगतोय, सारका हात तितंच जातोय तुमचा."

मी सगळं सांगून टाकलं. कुणाजवळ प्रथमच. मला वाटलं, पैलवान माणूस, हसेल. ते हसले नाहीत.

"मी जत्रेत कुस्त्या मारायचो," ते म्हणाले. "हलगी सुरू झाली की मला वांती व्हायची. दर येळी. लंगोट घालून झाडामागं जाऊन वकायचो. वस्ताद म्हनायचे, पन्नास बैठका काढ, मग मैदानात उतर."

"मग भीती गेली?"

"भ्या जात न्हाय, गुरुजी. पर दमतंय की. आपल्यापरास आदी दमतंय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळा भरण्याआधी, लेझीम आणि डंबेल्स ठेवायच्या खोलीत, माझी तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी बारा बैठका काढल्या आणि पुढचे तीन दिवस मला जिना उतरताना कठडा धरावा लागला. इराण्णांची आणखी एक अट होती. मोजायचं कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मला कानडीचं अक्षर येत नव्हतं. मी मराठीत मोजायला लागलो की ते हात वर करून थांबवायचे.

"मराटीत नगं. मराटीत नुस्तं तोंड मोजतंय आन डोस्कं तिकडं सायबापाशी पळतंय. कानडीत मोजा, मंजे डोस्क्याला कुटं जायला सवड गावत न्हाय. माझा वस्ताद मला मराटीत मोजाय लावायचा. मला तवा मराटी कुटं येत होतं? मराटी मी बैठकांतच शिकलो."

मी नेमका 'एंटु'ला, म्हणजे आठाला, अडखळायचो. अडखळलो की पुन्हा ओंदुपासून. त्यामुळे माझ्या पंचवीस बैठका कित्येकदा साठावर जायच्या. शेवटी इराण्णा मूठभर शेंगदाणे हातावर ठेवायचे आणि माझ्या छातीकडे बघून विचारायचे, "धडधडतंय?"

"धडधडतंय."

"वर्गात धडधडतंय त्येच न्हवं हे? मग भ्यायचं कशाला? वळखीचं हाय की."

खरं सांगतो, माझ्या आयुष्यात याहून मोठं मला कुणी काही शिकवलं नाही. धडधड थांबली नाही. पण तीन आठवड्यांत ती ओळखीची झाली, आणि मी आवाज न बसता नद्यांची नावं घेऊ लागलो.

तपासणीच्या दिवशी इराण्णांनी चाळीस काढायला लावल्या. खिडकीची झडप मोडकी आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बाहेर माझ्या तिसरीच्या वर्गातली पोरं खेळत होती. गुरुजी उठतायत, बसतायत, आणि समोर कमरेवर हात ठेवून इराण्णा उभे. पोरांच्या जगात याचा एकच अर्थ होता. हेडगुरुजींनी माने गुरुजींना उठाबशांची शिक्षा दिली! घंटा व्हायच्या आत ही बातमी सगळ्या वर्गांत पोचली, फक्त मला पत्ता नव्हता.

मला दिसलं ते एवढंच, की त्या दिवशी पोरं विलक्षण गुणी झाली होती. जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या, पन्नास हात वर. भीमा, सीना, नीरा, माण, धडाधड उत्तरं. साहेब मागच्या बाकावर बसून मान डोलावत होते, हेडगुरुजी दाराशी उभे होते. माझी छाती धडधडत होती, पण मी बोलत होतो. पाठ संपला. साहेबांनी खुशीत येऊन वर्गाला विचारलं, "काय रे, तुमचे गुरुजी चांगलं शिकवतात का?"

पहिल्या बाकावरची पद्मा उठली. विणकराची पोर, लाल रिबिनींच्या दोन वेण्या. हात जोडून म्हणाली, "लई चांगलं शिकवत्यात, सायेब. आता त्यांना उठाबशा देऊ नका. सकाळी हेडगुरुजींनी चाळीस दिल्यात. आमी मोजल्या."

साहेबांनी चष्मा काढून हेडगुरुजींकडे पाहिलं. "तुम्ही शिक्षकांना उठाबशा काढायला लावता?" हेडगुरुजींच्या कपाळावर आलेला घाम बघून मी चटकन ओळखलं. गार होता.

गप्प राहिलो असतो तर मी त्यातून सहीसलामत सुटलो असतो. पण त्या माणसाकडे बघवेना. तीच अवस्था मी वर्षभर आतून भोगली होती.

"साहेब, हेडगुरुजींचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "मला भीती वाटते. पोरांची, तुमची, या फळ्याची. मागच्या वेळी मी पळून गेलो तो त्यामुळेच. म्हणून रोज बैठका काढतो. इराण्णांनी शिकवल्या."

इराण्णांना बोलावणं गेलं. ते आले आणि सलाम करून उभे राहिले.

"रोज चाळीस काढायला लावता?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, सायेब. सादा दिवस असला की पंचवीस. चाळीस तुमच्यासाठी."

साहेब इतके हसले की त्यांना परत चष्मा काढावा लागला. मी कायम झालो. जाताना साहेबांनी इराण्णांना व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "आमच्या पुण्याच्या मीटिंगच्या आधी किती काढाव्यात हो?"

शाळा सुटल्यावर मी खिशातला राजीनामा काढला. महिनाभराच्या घामाने शाई पसरून कागद निळा झाला होता. तळाशी फक्त 'आपला विश्वासू' एवढंच वाचता येत होतं. इराण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दुसरा कागद आनून देऊ?"

"नको," मी म्हणालो. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

चार वर्षांनी इराण्णा निवृत्त झाले. पटांगणात सगळी शाळा बसली होती. लाऊडस्पीकर लावला होता. हेडगुरुजींनी स्वतः त्यांना टॉवेल, टोपी दिली आणि म्हणाले, "इराण्णा, दोन शब्द बोला." मी बघतो तर इराण्णा जागेवर नाहीत. टाकीमागे सापडले.

"गुरुजी, मला न्हाय जमायचं. हलगी सुरू झाल्यागत वाटतंय."

मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता.

"घाम काढलाय का आज, अण्णा?"

"सकाळपास्नं ह्या गडबडीत कुटं काढतो?"

तिथेच आम्ही दोघांनी बैठकांना सुरुवात केली. कानडी आणि मराठी दोन्ही त्यांना मुखोद्गत, म्हणून सातवीत गेलेल्या पद्माला बोलावून तेलुगूत मोजायला लावलं. इराण्णा तीनवर अडखळले, चारवर हसायला लागले, आणि वीस झाल्यावर माझ्या खांद्याला धरून व्यासपीठाकडे निघाले. अंगातून घाम निथळत होता. माईकसमोर उभे राहिले. मग त्यांनी पोरांकडे बघून विचारलं, "काय रे, घाम काढलाय का आज?"

"न्हाय!" सगळी शाळा ओरडली.

"मग बसलाय कशाला? उटा की!"

सगळी पोरं उठली. गुरुजी उठले, बाई पदर खोचून उठल्या. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरून हेडगुरुजी उठले, धोतर सावरून त्यांनी कासोटा घट्ट केला आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, "माने, ओंदुच्या पुढे काय?"