थर्मोकोलच्या प्लेटांवर रोट

सार्वजनिक जागांत थर्मोकोलच्या प्लेटा-वाट्या वापरायला महापालिकेने बंदी घातली, ती बातमी आमच्या वर्तमानपत्रात मीच लिहिली होती. आतल्या पानावर, एका कॉलमात. बागा, नदीकाठ, पालिकेचे हॉल, असा क्रम होता. घरी ती कोणी वाचली नाही आणि मीही सांगितली नाही.

त्या श्रावणात आमच्या भाऊबंदांनी कानबाई देवी उधन्यातल्या पालिकेच्या हॉलमध्ये बसवली. रोटाचा नियम कडक आहे. घरातल्या पुरुषांमागे मुठीने मोजलेल्या गव्हाचा हा प्रसाद भाऊबंदांनीच खायचा. उष्टे, अगदी हात धुतलेले पाणीसुद्धा, बाहेर जाऊ द्यायचे नाही. खड्डा करून पुरायचे. गावी त्यासाठी अंगण होते. इथे सगळे फ्लॅटमध्ये. म्हणून थोरल्या काकांनी थर्मोकोलच्या प्लेटा आणल्या: धुणे नको, उष्ट्यासकट पुरता येतील. हॉलमागे कडुनिंबाजवळ चुलतभावांनी सकाळीच खड्डा खणला. चौकीदाराला विचारले होते, कशासाठी ते सांगितले नव्हते.

पंगत उठत असताना पालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर तपासणीला आले. आधी प्लेटांची चळत पाहिली, मग खड्डा.

"मासी, थर्मोकोल बंध छे," ते काकूला गुजरातीत म्हणाले. "अने आ तो तमे दाटवाना छो?" पुरणार आहात की काय, असा प्रश्न होता.

काकांनी दंड कबूल केला. "पेपरवाला घरमा शे, अन दंड बी आपलेच," ते माझ्याकडे बघून म्हणाले. दोघे-तिघे हसले.

प्लेटा मात्र जप्त होऊन कचऱ्याच्या गाडीत जाणार होत्या. तिथे काकू आडवी आली. रोट तिने केले होते. आदल्या वर्षी पुतण्याचा हात यंत्रात सापडला, तेव्हा रोटात काही चुकले असेल, असे भाऊबंदांत बोलले गेले होते. तिच्यासमोरच.

"प्लेटा न्या, भाऊ. उष्टं तुमनी गाडीमा जावाले नको."

"गाडी ऊभी छे, मासी. केटली वार?" किती वेळ लागेल, असे ते विचारत होते.

"चहा ल्या तवपावत. रोट तुमले देता येस नही."

इन्स्पेक्टर हसले आणि खुर्चीवर बसले.

काकूने घमेले घेतले. साबण न लावता, बोटांनी पुसत ती एकेक प्लेट धुऊ लागली. जावा येऊन बसल्या. मी पाणी आणून देत होतो. प्लेटा नखाने तुटत होत्या, म्हणून काम हळू चालले. इन्स्पेक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिले. धुतलेल्या प्लेटा त्यांच्या माणसाने पोत्यात भरल्या.

घमेल्यातले पाणी खड्ड्यात ओतले, तेव्हा वर थर्मोकोलचे पांढरे दाणे तरंगले. काकांनी फावडे उचलले. काकूने हात करून थांबवले. चहाची गाळणी मागवली, खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि पाणी जिरायच्या आत दाणे काढत राहिली. शेवटचे दोन बोटांनी टिपले. त्यांना काही चिकटले आहे का, ते उजेडात धरून पाहिले, पुन्हा एकदा धुतले आणि ओंजळ इन्स्पेक्टरांपुढे केली.

"हाई तुमनं."

त्यांनी स्वतः पोत्याचे तोंड उघडून धरले. मग तिने काकांना माती लोटायला सांगितली.